नाक्याच्या आतले नऊ दगड

चुन्याची बादली. तिच्यात काथ्याचा कुंचला. कुंचल्याने दगडावर ओढलेला देवनागरी नऊ, पोट जरा जास्तच सुटलेला.

दंडावर देवीची लस, परदेशी जायला सक्तीची. तिसऱ्या दिवशी लिंबाएवढी सूज. तरी माणूस पळाला.

उषाच्या वर्गातला फळा: पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, सुमारे. 'सुमारे' या शब्दाखाली दोन रेघा.

लोकरीचा कोट. एप्रिल महिना. सिल्वाशाच्या शिंप्याने बाही धरून विचारलं, हे अंगात घालून मरायचंय का तुम्हाला?

तीनशे पंच्याऐंशी यार्ड, शाळेच्या मैदानावर टेपने मोजलेले. दोन माणसं टेप ताणून उभी, तिसरा वाकून वाचतोय. एक इंचही इकडेतिकडे नको.

जीपचा मीटर गेल्या दिवाळीपासून बंद.

"कोनी इचारलं?"

*

भास्कर चुरीला राग आला तो १९६५ सालच्या एप्रिलच्या बारा तारखेला, सकाळी सव्वासहाला, अथालच्या पुढे, पोर्तुगीज हद्दीच्या जुन्या नाक्यापाशी. तो राग पुढे उतरलाच नाही.

भास्कर मूळचा चिंचणीचा. सिल्वाशात मलेरियाच्या कामावर. पाड्यापाड्यांतून हिंडायचं, ताप असलेल्याचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि त्या पट्ट्या संध्याकाळपर्यंत कचेरीत पोचवायच्या. गलोंड्याकडचे लोक त्याला डीडीटीवाला म्हणत. सायकल दर आठवड्याला पंक्चर व्हायची, म्हणून तो पळायला लागला. पुढे सायकल दुरुस्त झाली तरी पळतच राहिला. एवढंच होतं ते. मॅरॅथॉन वगैरे शब्द त्याच्या डोक्यात रमाकांत ओव्हरसियरांनी घातला.

रमाकांत गिरगावचे. बांधकामावर ओव्हरसियर, आणि मुंबई-कोकणातून आलेल्या नोकरदारांनी काढलेल्या मुक्ती व्यायाम मंडळाचे चिटणीस. लंडनला जूनमध्ये होणाऱ्या शर्यतीची बातमी त्यांनी इंग्रजी पेपरात वाचली आणि मंडळाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, आपला माणूस पाठवायचा. त्यासाठी सव्वीस जानेवारीला सिल्वाशात पुरी सव्वीस मैल तीनशे पंच्याऐंशी यार्डांची दौड ठेवली. रस्त्याच्या कडेला पांढरे दगड होतेच. रमाकांतांनी त्यांच्यावर एक ते तेरा आकडे काढून घेतले. तेरा जायचे, तेरा यायचे, उरलेले यार्ड मैदानावर. भास्कर एकटाच शेवटपर्यंत पळाला. रमाकांत जीपमध्ये उभे, हातात घड्याळ.

प्रमाणपत्र असं होतं:

"प्रमाणित करण्यात येते की श्री. भास्कर चुरी यांनी दि. २६ जानेवारी १९६५ रोजी सिल्वासा येथे २६ मैल ३८५ यार्ड हे अंतर २ तास १९ मिनिटांत पूर्ण केले. अंतर मी जातीने मोजले आहे."

खाली सही, शिक्का, आणि शिक्क्यावर पुन्हा सही.

दोन तास एकोणीस. जगातल्या पहिल्या फळीतल्या धावपटूंची वेळ. या आकड्याने गाव पेटलं. सागवानाचे ठेकेदार प्रभाकरशेठ कधी कुणाला पान खिलवायचे नाहीत, त्यांनी बोटीचं तिकीट काढलं. जायचं, यायचं, दोन्ही. फेब्रुवारीत लंडनहून अर्ज आला, तो रमाकांतांनीच भरला आणि भास्करने त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. "ही वेळ नसती," रमाकांत म्हणाले होते, "तर लंडनवाल्यांनी तुम्हाला दारातसुद्धा उभं केलं नसतं."

*

तर बारा एप्रिल.

नाक्याबाहेर सोनजी भोयाची टोळी पहारी घेऊन रस्त्याचे दगड उपटत होती. सोनजी म्हातारा, रस्त्याच्या कामावर केस पांढरे झालेले. भास्कर पळताना कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबला, कारण उपटलेल्या दगडावर त्याचा दहा होता.

"सोनजीदादा, हे काढताय कशाला?"

"नवे बसवायचे. वरून हुकूम आला. मैल गेला, किलोमीटर आला."

"मग आतले कधी काढणार? नाक्याच्या आतले?"

सोनजीने पहार खाली ठेवली. डीडीटीवाल्याला उन्हाआधीच ऊन लागलं की काय, असं त्याच्याकडे पाहिलं.

"आतले कशाला काढू? ते मूळचेच किलोमीटरचे. फिरंग्याच्या वक्ताचे. मीच रोवले, जवान होतो तवा. साखळीनं मापून. साहेब कडक होता, हातभर चुकला तर फिरून खणायला लावी."

"त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं."

"होतं. मुक्ती झाली तवा पोरांनी छिन्नीनं खरवडलं. फिरंग्याचं अक्षर ठेवायचं नाय बोलले. मग चुना मारला. मग तुमचा साहेब आला, त्यानं आकडे काढले. आतले, बाहेरचे, समदे एका रांगेत." सोनजी हसला. "माझी पोरं बोलली, बाबा, साहेबाला सांग. मी बोललो, साहेब शिकलेला हाय."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"कोनी इचारलं?"

भास्कर तिथून वळला आणि नवव्या दगडापर्यंत चालत आला. पळवेना. नववा दगड नाक्याच्या अलीकडे, आंब्याखाली. तो पोटसुट्या नऊकडे बघत उभा राहिला, आणि राग आला तो या दगडासमोर.

राग कशाचा, ते नीट सांगायला हवं.

वर्षभर तो या रस्त्यावर पळत होता. वर्षभर एकच गोष्ट घडत होती. नाक्यापर्यंत दगड भराभर मागे पडायचे, आणि नाक्याबाहेर पाऊल टाकलं की पायांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं. पुढचा दगड येता येत नसे. त्याने किती उपाय केले. गूळ खाल्ला. उपाशी पळाला. बूट बदलले, बूट काढून टाकले. पोटऱ्यांना बायकोकडून, उषाकडून, तेल लावून घेतलं. नाक्याबाहेरच्या चार दगडांमध्ये त्याने स्वतःच्या पायांना ज्या शिव्या घातल्या, त्या त्याने कधी जनावरालाही घातल्या नव्हत्या. आणि परतताना नाक्याच्या आत आलं की दगड पुन्हा धावत भेटायला यायचे.

रमाकांतांनी याचं भाषण केलं होतं. "मुक्त भूमीवर पाऊल पडताच आमच्या भास्कररावांना पंख फुटतात." टाळ्या. भास्करनेही वाजवल्या होत्या.

पंख सहाशे सहासष्ट यार्डांचे होते. प्रत्येक दगडामागे तेवढं कमी.

*

"नऊ जाताना, नऊ येताना," उषा म्हणाली. ती शाळेत चौथीला शिकवायची, नवी दशमान पद्धत तिच्याच गळ्यात पडली होती. उलट्या कॅलेंडरवर तिने हिशोब मांडला. "अठरा. अहो, जवळजवळ सात मैल कमी भरतात."

"पुन्हा कर."

"तीनदा केलं."

"मग पुरं अंतर पळालो तर किती?"

तिने पेन्सिल ओठाला लावली. "त्याच चालीने तीन तास आठ-दहा मिनिटं. शेवटी दमलात तर जास्त."

"दमलो तर. तूही म्हण."

"मी काय केलंय? माझ्यावर कशाला आवाज चढवता?"

"कारण तू त्या 'सुमारे'खाली दोन रेघा मारतेस, आणि रस्त्यावरून रोज शाळेत जातेस, आणि तुला एकदाही वाटलं नाही की दगड इतके जवळजवळ कसे."

"तुम्हाला वाटलं?"

तो उठून बाहेर गेला. हा प्रश्न तिने विचारायला नको होता. तो त्याने स्वतःला सकाळपासून चार वेळा विचारला होता.

आणि मग चार दिवस तो गप्प बसला. ही गोष्ट त्याने पुढे कुणापासून लपवली नाही. चार दिवस त्याने कोटाचं माप दिलं. टाय लावून काढलेल्या फोटोच्या प्रती वाटल्या. पोस्टमास्तरांच्या घरी काट्याने भेंडी खायला शिकला. भजनी मंडळाने सत्कार केला, नारळ दिला, वर शाल. एप्रिलात शाल. सत्काराला उत्तर देताना त्याच्या तोंडून आपसूक 'दोन तास एकोणीस' निघालं, आणि लोकांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो त्याला आवडला. घरी येऊन त्याने शाल कोपऱ्यात फेकली. ती उषाने उचलून घडी केली, त्याचाही त्याला राग आला.

पाचव्या दिवशी तो रमाकांतांच्या क्वार्टरवर गेला.

*

"या, भास्करराव. चहा घेणार की आत्तापासूनच बिनदुधाचा?"

"आतले नऊ दगड किलोमीटरचे आहेत."

रमाकांत आंबा कापत होते. सुरी थांबली नाही. "कोण म्हणतो?"

"सोनजी भोया."

"खडी फोडणारा?"

"दगड त्यानेच रोवलेत."

"त्याने रोवले, आणि मी डिप्लोमा घेतलाय." रमाकांतांनी एक फोड तोंडात टाकली. चावता चावता त्यांचं चावणं मंद होत गेलं. आकडेमोडीत ते कच्चे नव्हते. कोय बशीत ठेवून त्यांनी बायकोला हाक मारली, "जरा आतलं दार ओढून घे गं."

मग हळू आवाजात: "आणखी कुणाला बोललात?"

"बायकोला."

"ठीक. मास्तरीणबाई शहाण्या आहेत. हे बघा, भास्करराव, लंडनला कोण दगड मोजायला बसलंय? तुम्ही जा, पळा. मागे पडलात तर थंडी बाधली म्हणायचं. पोट बिघडलं म्हणायचं. परदेशात सगळ्यांचंच बिघडतं."

"त्यांना पत्र लिहा. अंतर चुकलं म्हणून कळवा. मी खरी वेळ काढून देतो, ती घाला."

"आणि प्रभाकरशेठना काय कळवू? त्यांनी तिकीट एकोणीस मिनिटांकडे बघून काढलंय, तुमच्या तोंडाकडे बघून नाही."

"तुम्ही 'जातीने मोजले' म्हणून सही केलीत. यार्ड टेपने मोजलेत आणि मैल चुन्याने."

"अहो, जीपचा मीटर बंद आहे, तुम्हाला माहीत नाही का?"

"एक माणूस पाठवायचा होता साखळी घेऊन. एकच प्रश्न विचारायचा होता रस्त्यावरच्या माणसाला."

"ते मला सांगता?" आता रमाकांतांचाही आवाज चढला. "पळालात तुम्ही. रोज पळालात. तुमच्या पायांना नाही कळलं?"

भास्करने बशी उचलून भिंतीवर मारली असती. त्याने हात मागे बांधले. पायांना कळलं होतं. पाय वर्षभर ओरडून सांगत होते आणि त्याने त्यांना शिव्या घातल्या होत्या, आणि साहेबाने दगडावर आकडा काढल्यावर तर शंकाही घेतली नव्हती. सोनजीने केलं तेच त्यानेही केलं होतं. साहेब शिकलेला हाय.

"दोन मेला निरोप समारंभ आहे," रमाकांत म्हणाले. "प्रभाकरशेठ स्वतः पाकीट हातात देणार. कोट घालून या. आणि तोंड जरा हसरं ठेवा, फोटोग्राफर बोलावलाय वापीहून."

*

एक मेपर्यंत सोनजीच्या टोळीने बाहेरचे नवे दगड बसवले. दहा, अकरा, बारा, असे एकविसापर्यंत. पहिल्यांदाच तो रस्ता एका मापाचा झाला. एकवीस जायचं, एकवीस यायचं, वर मैदानावर एकशे पंच्याण्णव मीटर.

"उद्या पहाटे एकविसाव्यापाशी बसाल का?" भास्करने सोनजीला विचारलं.

"बसतो. पन कशाला?"

"मी आलो होतो हे सांगायला कुणीतरी हवं."

सोनजीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहार खांद्यावर टाकली.

*

साडेपाच. शाळेच्या व्हरांड्यात उषा, मांडीवर शाळेचं भिंतीवरचं घड्याळ. ती त्याच्याशी दोन दिवस बोलत नव्हती. त्याने गुपचूप लंडनला जावं असं तिच्या मनात होतं. लंडन तिनेही वर्गात नकाशावर दाखवलं होतं, मुलांनी त्या ठिपक्याला बोटं लावून लावून तो मळवला होता. "मुलांना काय सांगू?" एवढंच ती म्हणाली होती. आता म्हणाली, "निघा. बरोबर साडेपाच."

नऊ दगड झाले. नाका आला. भास्कर शिसं उतरायची वाट पाहत होता. उतरलं नाही. दहावा आला, जसा नववा आला होता. अकरावा आला. तो पळता पळता रडला की घाम होता, हे त्यालाही कळलं नाही. दात मात्र आवळलेले होते. वर्षभराच्या शिव्या एकेक करून त्याला परत आठवत होत्या, आणि त्या आता कुणाला घालायच्या ते पक्कं होतं.

एकविसाव्यापाशी सोनजी उकिडवा बसला होता. त्याने टोळीचं लाल फडकं काढून भास्करच्या हातात दिलं. "हे दाखवा. माझं हाय, समदे वळखतात."

परतताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे पोटऱ्या गेल्या. त्या खरंच गेल्या. त्यात दगडांचा दोष नव्हता. हा मॅरॅथॉनचा खरा शेवट त्याने आयुष्यात पाहिलाच नव्हता. सात मैल, जे त्याला कुणी पळू दिले नव्हते. अथालच्या चढावर तो काही पावलं चालला, स्वतःलाच एक शिवी हासडली, आणि पुन्हा पळाला.

मैदानावर कापडी फलक होता. त्यावर हातभर अक्षरांत: २ तास १९ मिनिटे. खुर्च्या भरल्या होत्या. रमाकांत बोलत होते. "उत्सवमूर्ती कोट घालून येतीलच एवढ्यात," असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उत्सवमूर्ती उघड्या अंगाने, चड्डीवर, फाटकातून आत आली आणि खुर्च्यांच्या मागून मैदानाला वळसा घालू लागली. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या झाल्या.

"आठ एक्केचाळीस," उषाने व्हरांड्यातून सांगितलं. शाळेच्या मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज. "तीन तास अकरा मिनिटं."

टाळ्या विरत गेल्या.

भास्करने लाल फडकं प्रभाकरशेठच्या समोर, पेढ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. श्वास येईपर्यंत तो टेबल धरून उभा राहिला. मग बोलला, ध्वनिक्षेपकाशिवाय.

"जानेवारीत मी सात मैल कमी पळालो होतो. आतले दगड किलोमीटरचे आहेत. मला माहीत नव्हतं. ओव्हरसियरसाहेबांनाही माहीत नव्हतं, सतरा एप्रिलपर्यंत. सतरा तारखेपासून त्यांना माहीत आहे. मला बारा तारखेपासून. आज मी पुरं पळालो. तीन तास अकरा मिनिटं. हीच वेळ लंडनला कळवा. मला जायचंय. या वेळेवर जायचंय."

"ऊन लागलंय त्यांना," रमाकांत ध्वनिक्षेपकात म्हणाले. "कुणीतरी पाणी आणा."

"पाणी मी नंतर पितो. आधी तो फलक उतरवा."

कुणी उठलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "तीन तासांत तर आमची म्हैस जाऊन येईल," आणि चारपाच जण हसले. भास्कर त्या दिशेला वळला. "घेऊन या म्हैस. दगड दाखवतो."

प्रभाकरशेठनी फडक्याचं एक टोक उचलून पाहिलं, खाली ठेवलं, बोटं रुमालाला पुसली. पाकीट त्यांच्या कोटाच्या खिशातून अर्धं बाहेर होतं.

"भाई," ते म्हणाले, "लाकूड घेताना मी गाभा बघतो. माणूस घेताना कागद बघितला. चूक माझीच छे. तुम्ही सच्चे आहात, पळालात पण बराबर. पण सच्चा माणूस गलोंड्याला पण पळू शकतो, त्याला लंडन कशाला?"

आणि पाकीट पूर्ण आत गेलं.

लोकांनी पेढे घेतले. पेढे कुणी परत ठेवत नाही. रमाकांत खुर्च्या मोजायला लागले. वापीचा फोटोग्राफर विचारत होता, फोटो काढायचा की नाही.

भास्करने स्टूल ओढलं, चढला, आणि फलकाची दोरी दातांनी सोडवली, कारण गाठ हाताने सुटेना. एक टोक सुटलं. दुसरं उषाने सोडवलं. कापड बरं होतं, जाड, मांजरपाटाचं. ती ते घरी घेऊन गेली. अक्षरं पुढे दोन-तीन धुण्यांत फिकी झाली, पण पूर्ण गेली नाहीत.

त्या रात्री त्याने लंडनला स्वतः पत्र लिहिलं, उषाने इंग्रजी सुधारलं. वेळ कळवली, येता येत नाही हेही कळवलं. सोमवारी तो कामावर गेला. गलोंड्याला तापाचे सात जण होते. सोनजीचं फडकं परत द्यायला तो नाक्याबाहेर गेला तेव्हा म्हातारा म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडं," पण भास्करने ते स्वतःकडे ठेवलं नाही. वाटेत नववा दगड आला. त्या पोटसुट्या आकड्याला त्याने टाच मारली. चुन्याचा पोपडा उडाला आणि खाली छिन्नीच्या खुणा दिसल्या, बारीक, आडव्या, कुणीतरी फार चिडून मारलेल्या.

फेब्रुवारीत लंडनहून आलेल्या आणि रमाकांतांच्या फायलीत नक्कल असलेल्या प्रवेशअर्जात चारच रकाने होते: नाव, वय, पत्ता, सही. वेळ विचारलेली नव्हती.